‘मला सोडव’ म्हणणाऱ्या भावाला काय उत्तर द्यायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : माझा मोठा भाऊ 49 वर्षांचा आहे, गणिताचा शिक्षक. दीड वर्षापूर्वी त्याला मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणारा असाध्य आजार, असल्याचं निदान झालं. आता दोन्ही हात गेले आहेत, पाय जेमतेम भार घेतात, बोलणं जड झालंय, पाणी पितानाही ठसका लागतो. डोकं मात्र होतं तितकंच तल्लख आहे. वहिनी, कॉलेजात शिकणारा भाचा आणि आई असे सगळे मिळून त्याचं करतात. येणारा-जाणारा ‘बरा होशील रे’ म्हणतो, मीही म्हणते. गेल्या महिन्यात आम्ही दोघंच असताना दादा म्हणाला, ‘तू तरी समजून घेशील. पुढचं बघायची वेळ माझ्यावर येऊ देऊ नकोस. मला सोडव.’ त्यानंतर पुन्हा तेच. परदेशात कायद्याने अशी मदत मिळते हे त्याने वाचलंय. कुणाला सांगणार नाही असं वचनही माझ्याकडून घेतलंय. इच्छामरणाच्या बाजूने मी कॉलेजपासून वाद घालत आले. आज भावानेच मागितलं तर पोटात गोळा येतो. मी मदत करावी का? नाही केली तर मी भित्री ठरते की ढोंगी? आणि वहिनीला सांगू की नको?

---

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, ते लांबवण्यात अर्थ नाही. मरायला मदत करू नका. बाकीच्या मदतीला भरपूर वाव आहे आणि हे सगळं उत्तर त्याबद्दलच आहे.

आता भित्री की ढोंगी. ज्या कायद्याच्या बाजूने तुम्ही इतकी वर्षं बोललात, तो जिथे आहे तिथे कसा चालतो ते बघा. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात तो 1997 पासून अमलात आहे. रुग्ण सज्ञान हवा, निर्णय घेण्याची कुवत शाबूत हवी, आयुष्य सहा महिन्यांहून जास्त नाही असं दोन डॉक्टरांनी सांगायला हवं. मागणी तोंडी आणि लेखी, एकाहून अधिक वेळा करावी लागते. वेदना कमी करण्याचे दुसरे कोणते मार्ग आहेत ते रुग्णाला समजावून सांगण्याची जबाबदारी डॉक्टरवर असते. नेदरलँड्समध्ये 2002 पासून कायदा आहे. तिथे सहा महिन्यांची अट नाही, पण यातना असह्य आहेत, सुधारणेची आशा नाही, दुसरा वाजवी उपाय उरलेला नाही याची खात्री डॉक्टरने करायची, आणखी एका स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यायचं, आणि नंतर ते प्रकरण समितीपुढे तपासणीला जातं. सगळ्यांत सैल कायदा स्वित्झर्लंडचा. तिथल्या 1942 पासूनच्या दंडसंहितेत स्वार्थापोटी केलेली मदतच तेवढी गुन्हा आहे. पण असा प्रत्येक मृत्यू तिथेही अधिकाऱ्यांना कळवावा लागतो आणि त्याची चौकशी होते.

तुमच्या भावाने जे मागितलंय त्यात यातलं काहीच नाही. दुसरा डॉक्टर नाही, पर्यायांची चर्चा नाही, मधला काळ नाही. आहे फक्त एक बहीण आणि कुणाला न सांगण्याचं वचन. तुमचं तत्त्व ज्या अटींवर उभं होतं त्या सगळ्या काढून टाकल्यावर जे उरतं, त्याला नकार दिल्याने तत्त्वाशी प्रतारणा होत नाही. शिवाय आपल्याकडे आत्महत्येला साहाय्य करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 108 खाली गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा. भाच्याचे वडील जातील आणि आत्या कोर्टाच्या चकरा मारत राहील, हे दादालाही नको असणार. परदेशाच्या वाटेबद्दल एवढंच सांगते की, तिथे जाणारे लोक प्रवास झेपतोय तोवर जातात. म्हणजे जगण्यासारखे महिने हातात असतानाच ते संपवावे लागतात. वाचताना ही बाजू सहसा दिसत नाही.

पण नुसता नकार देऊन विषय बंद करू नका. तसं केलंत तर तो हे बोलायला आणखी कुणाकडे जाणार नाही, आणि हे मनातलं कुणाकडे तरी बोलता येणं सध्या त्याच्या फार गरजेचं आहे.

त्याचे शब्द तुम्ही जसेच्या तसे दिलेत ते बरं केलंत. ‘पुढचं बघायची वेळ’ असं तो म्हणतोय. आजच्याबद्दल त्याची तक्रार आहेच, पण मागणी उद्याच्या भीतीपोटी आली आहे. गणिताचा माणूस आहे, त्याने पुढच्या पायऱ्या मांडून पाहिल्याच असणार. त्या पायऱ्या बरोबर आहेत का, हे कुणी तपासून दिलंय त्याला? बहुतेक नाही. कारण घरात त्याने तोंड उघडलं की ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून सगळे त्याला गप्प करत असणार.

म्हणून पुढच्या वेळी तो ‘सोडव’ म्हणाला की विचारा, ‘कशातून सोडवू?’ आणि मग थांबा. त्याला बोलायला वेळ लागतो, वाक्य तुम्ही पुरं करू नका. ‘सगळ्यातून’ असं उत्तर आलं तर, ‘सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?’ असं विचारा. ‘मरावंसं वाटतं ते दिवसभर, की ठरावीक वेळी?’ असंही विचारा. मृत्यूचं नाव काढल्याने त्याच्या डोक्यात नवं काही शिरेल ही भीती बाळगू नका, ते तिथे आधीपासून आहे. असं सरळ विचारल्याने आत्महत्येचे विचार वाढत नाहीत, हे मानसोपचाराच्या अभ्यासांतून पुरेसं स्पष्ट झालंय. उलट बहुतेकांना हायसं वाटतं.

या आजारात ‘कशातून?’ची उत्तरं सहसा दोन-चार ठरलेली असतात. पहिलं म्हणजे गुदमरून मरण्याची भीती. पाण्याच्या घोटाला ठसका लागणाऱ्या माणसाला शेवट तसाच होईल असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात तसं क्वचितच होतं. जर्मनी आणि ब्रिटनमधल्या रुग्णांचा एक अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. त्यात एकाही रुग्णाचा मृत्यू घशात काही अडकून, तडफडत झालेला आढळला नाही, बहुतेकांचा शेवट शांतपणे झाला होता. श्वासाचे स्नायू हळूहळू थकत जातात, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, गुंगी येते आणि पुष्कळदा झोपेतच श्वास थांबतो. हे ऐकायला जड आहे खरं. पण तो रोज रात्री डोळे मिटून जे चित्र बघत असेल त्याच्यापेक्षा हे कितीतरी सुसह्य आहे. आणि धाप लागलीच, तर ती कमी करायला औषधं आहेत, मॉर्फिनचे छोटे डोस त्यात येतात. मॉर्फिन म्हटलं की घरात दोन आक्षेप निघतात, ‘सवय लागेल’ आणि ‘म्हणजे आता शेवटचंच’. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, दुखण्यासाठी किंवा धापेसाठी मोजून दिलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही. बद्धकोष्ठता मात्र होते, त्याचं औषध सोबत मागून घ्या.

दुसरं उत्तर असतं, ‘तुमच्यावर ओझं झालोय’. याकडे पुढे येते.

तिसरं उत्तर तो स्वतः देणार नाही, ते तुम्ही शोधायचंय. सकाळी उठल्यावर त्याचं डोकं दुखतं का? रात्री झोप मोडते, दिवसा पेंग येते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, असं आहे का? हे रात्री श्वास अपुरा पडत असल्याचं लक्षण असू शकतं, आणि निराशा म्हणून आपण जे बघतो त्यातला काही भाग तिथून आलेला असू शकतो. न्यूरॉलॉजिस्टकडून श्वासाची तपासणी करून घ्या. रात्री मास्क लावून श्वासाला जोर देणारं यंत्र, ज्याला सगळे बायपॅप म्हणतात, ते अनेकांना लागू पडतं. झोप सुधारली की त्याच माणसाचं बोलणं बदललेलं दिसतं. तोंडात साठणारी लाळ, पायांत येणारे गोळे, एकाच कुशीवर पडून दुखणारा खांदा, या बारीकसारीक गोष्टींवरही उपाय आहेत. चारचौघांत हनुवटीवर लाळ ओघळते आणि ती पुसायला हात उचलत नाही, ही शरम बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. अशा दहा गोष्टी मिळून ‘मला सोडव’ तयार होतं.

ऑरेगॉनमध्ये दरवर्षी अहवाल निघतो, लोक ही मदत का मागतात याचा. मला तो फार बोलका वाटतो. आपल्याला वाटतं, असह्य वेदनांमुळे. पण वर्षानुवर्षं वर असणारी कारणं म्हणजे स्वतःच्या आयुष्यावरचा ताबा सुटणं, ज्या गोष्टींत रस होता त्या करता न येणं, आणि प्रतिष्ठा हरवल्यासारखं वाटणं. घरच्यांवर भार होण्याचं कारण बरेच जण देतात. शारीरिक वेदना, किंवा ती आटोक्यात राहणार नाही ही धास्ती, त्या यादीत बरीच खाली आहे. आणि मरण आणणाऱ्या औषधाची चिठ्ठी मिळालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक ते औषध घेतच नाहीत. पुष्कळांना मरणापेक्षा ताबा हवा असतो, असा मी याचा अर्थ लावते. ताबा तर मरणाशिवायही परत देता येतो, निदान थोडा.

तुम्ही आणखी एक गोष्ट गृहीत धरली आहे. डोकं तल्लख आहे, म्हणजे हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे. तसं असेलही. पण नैराश्य बुद्धी मंद करतंच असं नाही, हुशार माणसाला ते अधिक बिनतोड युक्तिवाद पुरवतं. ‘इतकं सगळं झाल्यावर माणूस निराश होणारच’ असं म्हणून आपण ते उपचाराविना सोडून देतो. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली मृत्यूच्या जवळ आलेल्या 200 रुग्णांशी बोलून काढलेले निष्कर्ष इथे महत्त्वाचे आहेत. अधूनमधून मरण यावंसं वाटणारे 44.5 टक्के होते. पण ही इच्छा गंभीर आणि सतत असणारे फक्त 8.5 टक्के, आणि त्यांच्यातल्या जवळपास 59 टक्क्यांना नैराश्याचा आजार होता. बाकीच्यांत हेच प्रमाण 8 टक्क्यांच्या आत होतं. त्यांच्याच 1999 च्या अभ्यासात दिसलं की, जगण्याची इच्छा एकाच माणसात बारा तासांतही बरीच वरखाली होते. शेवटच्या टप्प्यात तिला सगळ्यात जास्त खाली खेचत होती ती धाप. तत्त्वज्ञानाचा प्रश्न म्हणून आपण ज्याच्याकडे बघतो, त्याचं एक टोक असं छातीच्या भात्याला बांधलेलं असतं.

दुःख आणि नैराश्य यांतला फरक घरात ओळखायची एक खूण सांगते. दुःखी माणसाला मधूनच काहीतरी आवडतं. भाच्याने सोडवलेल्या गणितात चूक दिसली की दादाच्या डोळ्यांत अजून चमक येते का? मॅच, जुनी गाणी, शाळेतल्या सहकाऱ्यांच्या चहाड्या यांत थोडा वेळ तरी रमतो का? हे सगळं आटलं असेल, ‘मी कुणाच्याच कामाचा नाही’ हेच घोळत असेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. गोळ्या आणि समुपदेशन या आजारातही चालतं. या आजारात काही जणांना अकारण रडू किंवा हसू फुटतं, ते आवरत नाही. तो मेंदूतल्या बिघाडाचा भाग असतो, त्याला मनाचा कमकुवतपणा समजू नका, त्याचंही औषध आहे. आणि विचार-वर्तनात बारीक बदल या आजाराच्या बऱ्याच रुग्णांत होतात, तेव्हा तेही डॉक्टरांनी एकदा तपासलेलं चांगलं.

या सगळ्यासाठी एक माणूस हवा, पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे आजाराचा त्रास कमी करण्याच्या शाखेचा डॉक्टर. मराठीत याला परिहार सेवा म्हणतात, पण दवाखान्यात विचारताना पॅलिएटिव्ह केअर असंच विचारा. ‘आता काही करता येत नाही, तेव्हा तिकडे जा’ असा या शाखेबद्दल गैरसमज आहे. आधी नर्स, मग समाजसेविका आणि मग डॉक्टर झालेल्या सिसिली साँडर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस हे मरणाच्या जवळ आलेल्या रुग्णांचं शुश्रूषा केंद्र सुरू केलं तेव्हापासून त्या सांगत आल्या की, वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची अशी एकत्रच असते, तिच्यावर उपचारही एकत्र व्हायला हवेत. आणि हे शेवटासाठी राखून ठेवायचं नसतं. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या 151 रुग्णांवरचा अमेरिकेतला अभ्यास 2010 साली आला. निदानापासूनच ज्यांना ही सेवा मिळाली त्यांच्यात नैराश्य कमी होतं, आक्रमक उपचार कमी झाले, आणि ते जास्त जगले. मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, 8.9 महिन्यांऐवजी 11.6 महिने होता. आजार वेगळा आहे, पण ‘आराम देणं म्हणजे हार मानणं’ हा समज खोडायला एवढं पुरेसं आहे.

आता ताब्याबद्दल. दादाला बहुधा वाटतंय की आत्ताच काही केलं नाही, तर पुढे त्याला कुणी विचारणारच नाही, नळ्या घालतील, यंत्राला जोडतील आणि तो डोळ्यांनी बघत राहील. ही भीती अनाठायी नाही, असं घडतं. पण यावर कायदेशीर उत्तर आहे आणि ते त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. नको असलेला उपचार नाकारण्याचा हक्क त्याला आजही आहे. तो वापरला म्हणजे आत्महत्या केली असं होत नाही. 2011 साली, कित्येक वर्षं अचेत पडलेल्या मुंबईच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अन्न देणं थांबवण्याची मागणी फेटाळली, पण उपचार थांबवून नैसर्गिक मृत्यू येऊ देण्याला काही अटींवर वाट मोकळी केली. 9 मार्च 2018 रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. त्यातली प्रक्रिया फार किचकट होती, ती 2023 साली सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर केलेला दस्तऐवज नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेता येतो. आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा आपल्या वतीने कोण निर्णय घेईल त्याचं नाव त्यात देता येतं. पुढे प्रत्यक्ष वेळ आली की रुग्णालयातल्या डॉक्टरांची दोन मंडळं मिळून खातरजमा करतात.

या कामाला लगेच लागा. अन्नासाठी पोटातून नळी हवी की नको? गळ्याला छिद्र पाडून व्हेंटिलेटर हवा की नको? सुरू केलेलं यंत्र कोणत्या परिस्थितीत थांबवायचं? हे प्रश्न त्याला विचारा, उत्तरं त्याचीच लिहा. नळीचा निर्णय फार लांबवू नका, श्वासाची ताकद खूप घटल्यावर ती बसवणं धोक्याचं होतं. ‘नको’ म्हणाला तर तेही उत्तर आहे, फक्त माहिती मिळाल्यावर दिलेलं असू दे. (नळी बसवली म्हणजे तोंडाची चव कायमची गेली असं नाही, गिळता येतंय तोवर जिभेला थोडंथोडं देता येतं. ही माहिती नसल्यामुळे नाही म्हणणारे पुष्कळ असतात.) आपला शब्द पुढे चालणार आहे अशी खात्री पटलेला माणूस पुष्कळदा घाई सोडतो. सोडेलच असं वचन मात्र मी देत नाही.

तत्त्वाचा प्रश्न तुम्ही उकरलाच आहे, म्हणून माझं मत सांगते. अशी मदत कायदेशीर करणाऱ्या देशांना मी क्रूर समजत नाही. उत्तम शुश्रूषा मिळूनही ज्यांच्या यातना संपत नाहीत अशी माणसं असतात, आणि त्यांना ‘सहन करा’ असं दुसऱ्याने सांगणं मला जमत नाही. याच आजाराचे रुग्ण असलेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचं उदाहरण तुमच्या घरी एव्हाना दहा जणांनी दिलं असेल. दादाला ते ऐकवू नका. 21 व्या वर्षी निदान होऊन 76 व्या वर्षापर्यंत जगणं हा अपवादातला अपवाद होता, आणि बहुतेक रुग्णांना निदानानंतर साधारण दोन ते पाच वर्षंच मिळतात. जिद्दीचा दाखला म्हणून त्यांचं नाव घेणारे हेही विसरतात की 2013 साली खुद्द हॉकिंग यांनी असाध्य आजाराच्या रुग्णांना अशी मदत मिळावी असं मत दिलं होतं.

तरीही माझा काटा दुसऱ्या बाजूला झुकतो. कॅनडाने 2016 साली कायदा केला तो मृत्यू जवळ आलेल्यांसाठी, आणि 2021 साली जवळ न आलेल्यांनाही तो लागू केला. तेव्हा विरोधात सर्वांत पुढे होत्या त्या अपंगांच्या संघटना. त्यांचं म्हणणं असं की, घरी मदतनीस मिळत नाही, राहायला नीट जागा नाही, अशा माणसाला मरणाचा पर्याय मात्र चटकन उपलब्ध करून देणं याला स्वातंत्र्य म्हणायचं का? मला हा प्रश्न टाळता येत नाही. निवड करायची तर दुसरी वाटही चालण्याजोगी हवी. आणि निरोगी माणसाला आजारी आयुष्याचा अंदाज भलताच चुकीचा असतो. संपूर्ण शरीर लुळं पडून फक्त डोळ्यांनी बोलणाऱ्या लॉक्ड-इन अवस्थेतल्या रुग्णांची पाहणी बेल्जियमच्या संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केली. उत्तर देणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी आपण सुखी आहोत असं सांगितलं, मरण मागणारे 7 टक्के होते. सगळेच रुग्ण उत्तर देत नाहीत, सर्वांत दुःखी गप्प राहिले असतील, हे मान्य. पण दादा आज दोन वर्षांपुढच्या ज्या दादाच्या वतीने निर्णय घेतोय, त्याला तो अजून भेटलेला नाही.

आता ओझ्याचं. ‘तू आम्हाला ओझं नाहीस’ हे वाक्य खोटं आहे आणि त्याला ते कळतं. वहिनी रात्री तीनदा उठून त्याला कूस बदलवते, ते तो बघतोच. त्यापेक्षा ‘दमायला होतं, पण तुझं करायचंय’ असं म्हणा आणि दमणूक खरोखर कमी करा. आठवड्यातल्या दोन रात्री तुम्ही किंवा पगारी माणूस, असं ठरवून टाका. भाच्याचा दिवस ठरवा, त्याला अभ्यासातून पूर्ण बाहेर ओढू नका. घर रिकामं करणाऱ्या थकव्याची किंमत रुग्ण मनातल्या मनात जमा-खर्चात मांडत असतो, गणिताचा शिक्षक तर नक्कीच.

आणि त्याला कामं द्या. बोलणं पूर्ण जायच्या आत अक्षरांचा तक्ता शिकून घ्या. पुठ्ठ्यावर वर्ण ओळींत लिहायचे, तुम्ही ओळीवर बोट ठेवायचं, त्याने पापणी मिटून ‘हीच ओळ’ सांगायचं, मग अक्षर. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारी यंत्रंही आहेत, पण पुठ्ठा आजच सुरू करता येतो. तक्त्यावर अक्षरं कोणत्या क्रमाने मांडली तर कमी वेळ लागेल, हे त्यालाच ठरवू द्या. हे त्याच्या विषयातलं काम आहे. डॉक्टर आले की त्याच्या डोक्यावरून ‘यांना झोप लागते का?’ असं बोलणं होतं, ते थांबवा. त्यालाच विचारा, उत्तराला चार मिनिटं लागली तर लागू देत. ‘बरा होशील’ तर आजपासून बंद. या आजारातून तो बरा होणार नाही, हे त्याला तुमच्याआधी समजलंय. सगळे खोटं बोलत असलेल्या घरात खरं बोलणारा माणूस एकटा पडतो, आणि मला वाटतं तुमच्याकडे तो त्यासाठीच आलाय.

एक गोष्ट मात्र वेगळी समजा. भीती किंवा कंटाळा बोलून दाखवणं वेगळं आणि बेत ठरवणं वेगळं. तो एखादी तारीख बोलू लागला, निरवानिरव करू लागला, औषधं बाजूला ठेवायला सांगू लागला किंवा अचानक विचित्र शांत झाला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. घरातली सगळी औषधं एका माणसाच्या ताब्यात, कुलपात ठेवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. तो रुग्णासाठी आहे तसा तुमच्यासाठीही आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतःच आजारी असाल आणि दादासारखं वाटत असेल, तर तुम्हीही फोन करा, आणि आज घरातल्या एकाला तरी ‘मला कशाची भीती वाटते’ ते सांगा.

राहिलं वचन. ते मोडायचंय, पण त्याच्या पाठीमागे नाही. आधी त्याला सांगा : ‘दादा, तू जे मागितलंस ते मी करणार नाही. पण तू जे बोललास ते एकटीने पोटात ठेवणंही मला झेपत नाही. मी वहिनीला सांगणार आहे, तुझ्यासमोर. कसं सांगायचं ते तू ठरव.’ चिडेल, दोन दिवस बोलणार नाही कदाचित. चालेल. वहिनीला यातलं काहीच माहीत नसेल असं मला वाटत नाही, बहुधा तीही हे एकटीच उराशी धरून बसली असेल. तिघं एकत्र बसाल तेव्हा पुढ्यात दोन कागद असू द्या. एकावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, सकाळची डोकेदुखी सगळ्यांत वर. दुसरा त्याच्या लिव्हिंग विलचा कच्चा मसुदा, त्याने सांगायचा आणि तुम्ही लिहायचा.